ओळ चौदा

जानेवारीतली रात्र, अडीचचा सुमार. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून फोन आला. “मॅडम, काटा चालू आहे, पावत्या निघतायत, पण लॉग येत नाही.” काट्याशेजारच्या केबिनमध्ये एक लहानसा लिनक्सवर चालणारा डबा आहे. ट्रॉलीचं भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, गाडीचा नंबर हे सगळं तो गोळा करतो. त्यातला प्रोग्रॅम माझा, आणि लॉग लिहिणारी लायब्ररीही माझीच. सिरियल पोर्टवर मधूनच वजन अडकत होतं, म्हणून तिथल्या तंत्रज्ञाने त्या संध्याकाळी लॉगची लेव्हल वाढवायचं ठरवलं. कॉन्फिग फाइल पेनड्राइव्हवर घेतली, ऑफिसातल्या जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली, एक शब्द बदलला, परत जागेवर ठेवली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. त्यानंतर लॉगमध्ये एकही ओळ आली नाही.

कारण सापडायला पहाटेचे पाच वाजले. फाइलमध्ये मराठी कॉमेंट होत्या, म्हणून सेव्ह करताना त्याने यूटीएफ-८ निवडलं होतं, आणि त्या नोटपॅडने फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट घातले होते: ईएफ, बीबी, बीएफ. आम्ही त्याला बॉम म्हणतो. डोळ्यांना तो दिसत नाही. माझा पार्सर, म्हणजे ती फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा कोड, ओळीचं पहिलं अक्षर चौकोनी कंस आहे का एवढंच बघायचा. त्या तीन बाइटांमुळे कंस चौथ्या जागी गेला, सेक्शन सुरूच झालं नाही, आणि पुढची प्रत्येक ओळ ‘कुठल्याच सेक्शनमधली नाही’ म्हणून पार्सरने सोडून दिली. मुकाट्याने.

दिवाळीत भाचा बंगळुरूहून आला तेव्हा नव्या हंगामाआधी मी तोच पार्सर पुन्हा लिहायला बसले होते. तो मोठ्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. माझी पंचवीस वर्षं कारखान्यांतल्या यंत्रांशेजारी गेली. फराळ झाल्यावर त्याने माझा कोड उघडून वाचला आणि आमचा वाद सुरू झाला तो दोन दिवस चालला. लॉगिंगच्या कॉन्फिग फाइलवर इतकं बोलण्यासारखं काय आहे असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. मला मात्र त्या दोन दिवसांत माझ्या कामाबद्दल बरंच नव्याने कळलं.

“मावशी, पार्सर कशाला लिहितेस?” त्याने सरळच विचारलं. “यॅमल फॉरमॅट घे. तयार लायब्ररी आहे, हजारो लोकांच्या हातून गेलेली. फाइलच्या सुरुवातीला बॉम येऊ शकतो हे यॅमलच्या नियमावलीतच लिहिलंय. तुझी जानेवारी झालीच नसती.”

जानेवारीबद्दल माझ्याकडे बचाव नव्हता, आणि तो मी केलाही नाही. पण यॅमलबद्दल होता. “तू लॉगरला इतर लायब्ररींच्या रांगेत बसवतोयस. लॉगर सगळ्यांच्या तळाशी असतो रे. प्रोग्रॅममधलं बाकी काही उभं राहण्याआधी तो उभा असावा लागतो, आणि सगळं कोसळत असताना शेवटची ओळ लिहायला तोच उरावा लागतो. त्याने सोबत यॅमलची लायब्ररी आणली, की ती माझा लॉगर वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरात शिरली. त्या प्रोग्रॅमला तीच लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची हवी असेल तर? लिंकरशी भांडत बसायचं त्या बिचाऱ्याने. जावातला लॉगफोरजे हा लॉगर बघ. त्याच्या दुसऱ्या मालिकेत एक्सएमएल आपोआप चालत होतं, कारण त्याचा पार्सर जावासोबतच येतो. पण यॅमल हवं असेल तर जॅक्सन लायब्ररी तुमची तुम्ही जोडा, असंच त्यांनी ठेवलं.”

“डिपेंडन्सी म्हणजे पाप नाही.”

“नाहीच. पण प्रत्येक डिपेंडन्सी म्हणजे ओळख नसलेल्या माणसाला घराची किल्ली देणं असतं. २९ मार्च २०२४ आठव. एक्सझेड या डेटा दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी मागचं दार घालून ठेवलेलं उघड झालं. लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय हे एका माणसाने चिकाटीने शोधलं म्हणून. एसएसएचला त्या लायब्ररीची काही गरज होती का? काही डिस्ट्रिब्यूशनांमध्ये ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप सिस्टमडीला द्यायचा होता, त्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी जोडली, आणि तिच्यामागून एक्सझेड आली. निरोप एका ओळीचा, आणि त्याच्यासाठी उघडलेलं दार केवढं!”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हे मान्य. पण दुसरी बाजूही ऐक. तुझा पार्सर एकीने लिहिला आणि एकीनेच वाचला. जीटीए ऑनलाइन हा खेळ सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची, वर्षानुवर्षं. २०२१ मध्ये एका बाहेरच्या माणसाने शोधून काढलं की दहा एमबीची एक जेसन फाइल वाचण्यात तो वेळ जातोय. एकेक तुकडा वाचायला एसस्कॅनएफ वापरलं होतं, आणि ते प्रत्येक तुकड्यासाठी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी आधी मोजत होतं. सुधारल्यावर लोडिंगचा वेळ जवळजवळ सत्तर टक्क्यांनी घटला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या लोकांना ते दिसलं नाही, तिथे तुला एकटीला तुझ्या कोडमधलं सगळं दिसेल?”

या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं नाही. दहा एमबी कुठे आणि माझी चाळीस ओळींची फाइल कुठे, असं म्हणता आलं असतं, पण ती पळवाट झाली असती. घरी लिहिलेल्या पार्सरची खरी अडचण तीच असते: लिहिताना तो इतका सोपा वाटतो की तपासायचं सुचत नाही. ओळ वाच, बरोबरचं चिन्ह शोध, डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. अर्ध्या दिवसाचं काम. आणि मग ती फाइल आठ वर्षं चालते.

“आणि असं फॉरमॅट तेवढंच राहत नाही,” त्याने पुढे रेटलं. “पहिल्या वर्षी नाव आणि किंमत. दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणतं, दुसरी फाइल आत ओढता यायला हवी. मग व्हेरिएबल. मग ‘हा डबा टेस्टिंगचा असेल तर’ अशी अट. लॉगबॅक या जावातल्या लॉगरच्या एक्सएमएलमध्ये ‘इफ’ आलंच की, आणि त्यातली अट चालवायला जानिनो नावाचा छोटा जावा कंपायलर जोडावा लागला. म्हणजे लॉग कुठे लिहायचा हे सांगायला कंपायलर! तुझंही तेच होईल. मग आधीच पूर्ण असलेली भाषा का घेऊ नये?”

इथे मला माझं म्हणणं सापडलं. त्याच्याच उदाहरणात होतं ते.

“कारण मला पूर्ण भाषा नकोच आहे. कॉन्फिग फाइलने निवड करावी, काम करू नये. डीबग की इन्फो, ही फाइल की ती, पाच एमबी की दहा. एवढ्या निवडी मी आधीच कोडमध्ये मांडून ठेवते, फाइल फक्त बोट दाखवते. फाइलला याहून जास्त ताकद दिली की काय होतं? पायथॉनमध्ये २००३ साली २.३ आवृत्तीत लॉगिंग आलं. आयएनआय फाइलवरून ते जुळवणारं फंक्शन आहे ना, ते हँडलरच्या ‘आर्ग्ज’ची ओळ चक्क इव्हॅल करतं. त्या ओळीत जे लिहाल ते पायथॉन म्हणून चालेल. आणि लॉगफोरजेमधलं लॉगफोरशेल तर तुझ्या डोळ्यांसमोर घडलं.”

“डिसेंबर २०२१. तीन रात्री झोपलो नव्हतो आम्ही,” तो म्हणाला. “पण मावशी, ते कॉन्फिगमुळे नव्हतं. लॉगच्या मजकुरात डॉलर, महिरपी कंस आणि जेएनडीआय असं लिहून पाठवलं की सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवायचा. हल्ला मजकुरातून होता.”

“मजकुरातून होता, पण ती डॉलर-कंसाची सोय मुळात कशासाठी होती? कॉन्फिगमध्ये बाहेरच्या किंमती आणून बसवायला. तेच बदली करणारं यंत्र पुढे लॉगच्या मजकुरावरूनही फिरवलं गेलं. एकदा यंत्र हाताशी असलं की ते कुठवर फिरेल हे सांगता येत नाही. आणि लॉगफोरजेच्या त्या महिन्यातल्या शेवटच्या दुरुस्तीचं काय? २.१७.१, २८ डिसेंबरची. तिचा सीव्हीई नीट वाच: ज्याला कॉन्फिग फाइल बदलता येते तो जेडीबीसी अपेंडरमध्ये जेएनडीआयचा पत्ता घालून कोड चालवू शकतो. ते फाइलीतूनच होतं. माझ्या काट्यावर ती फाइल कोण बदलतं? रात्रपाळीला जो असेल तो. त्याला लेव्हल बदलता यावी. त्याच्या पेनड्राइव्हवरून त्या डब्यावर काहीही चालवता येऊ नये. हलकं फॉरमॅट म्हणजे माझ्या लेखी कमी ओळींचा पार्सर नाही. ज्या भाषेत धोकादायक वाक्य लिहिताच येत नाही, ते हलकं.”

हे त्याला पटलं असावं, कारण त्याने दिशा बदलली. “ठीक. मग फाइलच नको. आमच्याकडे लॉग सरळ स्टँडर्ड आउटपुटवर जातो आणि लेव्हल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येते. रस्टमध्ये रस्ट-लॉग, सी प्लस प्लसमध्ये एसपीडीलॉगचंही तसंच: इन्फो, स्वल्पविराम, अमुक मॉड्यूल बरोबर ट्रेस. एका ओळीचं व्याकरण, विषय संपला.”

ती कल्पना मला मनापासून आवडते, आणि टेबलावर बसून काम करताना मी तीच वापरते. पण काट्यावर नाही. तिथे लॉग गोळा करणारी दुसरी यंत्रणा नाही. डब्यातल्या कार्डावरच तो राहतो आणि कार्ड भरू द्यायचं नसतं. शिवाय व्हेरिएबल बदललं की प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा लागतो. फाटकाबाहेर शंभर ट्रॉल्या उभ्या असताना, आणि तोडलेल्या उसाचं वजन उन्हात दर तासाला घटत असताना, काट्याचा प्रोग्रॅम बंद करा असं मी सांगू शकत नाही. फाइल हवीच.

यॅमलकडे आम्ही पुन्हा आलो, पण थोडक्यात. मी त्याला ‘लेव्हल: ऑफ’ ही ओळ पायवायॅमलने वाचायला सांगितली. उत्तर आलं ‘फॉल्स’. यॅमलच्या १.१ आवृत्तीत ऑन, ऑफ, येस, नो हे सगळे बूलियन धरले जातात. २००९ साली आलेल्या १.२ मध्ये ते काढलं गेलं, तरी जुने नियम पाळणारे पार्सर आजही सर्रास वापरात आहेत. लॉगिंगमध्ये ‘ऑफ’ ही सर्वपरिचित लेव्हल आहे. जावातल्या स्प्रिंग बूटच्या जुन्या आवृत्त्यांच्या कोडमध्ये म्हणूनच एक खास ओळ होती: लेव्हल ‘फॉल्स’ अशी आली तर तिला ‘ऑफ’ समजा. भाच्याने ती ओळ शोधून दाखवली, आणि तिच्याखालचीही: तिथे लेव्हलचं नाव मोठ्या लिपीत नेताना इंग्रजीचे नियम लावायला स्पष्ट सांगितलं होतं. संगणक तुर्की भाषेत चालू असेल तर ‘इन्फो’तला छोटा आय मोठा होताना डोक्यावर टिंब घेऊन येतो, आणि तो शब्द मग ‘इन्फो’ राहत नाही. दोन ओळींमागे दोन लोकांची किती रात्रींची शोधाशोध असेल, याचा विचार करत आम्ही दोघंही जरा वेळ तसेच बसलो.

“टॉमल?” त्याने विचारलं. “२०२१ च्या जानेवारीत १.० आलं. कॉमेंट चालतात, किंमतींचे प्रकार पक्के.”

टॉमलबद्दल मला आदर आहे. नवा प्रोग्रॅम मोठ्या यंत्रासाठी लिहीत असते तर तेच घेतलं असतं. पण त्यात ‘लेव्हल = इन्फो’ असं नुसतं लिहिलं तर चूक होते, अवतरणचिन्हं लागतात. दुहेरी अवतरणात विंडोजचा पत्ता लिहिला तर उलटी तिरकी रेघ एस्केप धरली जाते. अनोळखी एस्केप असला तर टॉमल निदान तिथे थांबून सांगतं. जावाची प्रॉपर्टीज फाइल तेही करत नाही: ‘सी:\लॉग्ज’ लिहिलं तर रेघ गुपचूप गिळते, आणि रेघेनंतर एन किंवा टी आला तर टॉमलसारखीच तिथे नवी ओळ किंवा टॅब घालते. माझ्या डब्यावर विंडोज नाही, पण माणसाच्या सवयी विंडोजच्या आहेत. त्याने जे लिहिलं तेच, अक्षर न अक्षर, किंमत म्हणून घ्यायचं. अवतरण नाही, एस्केप नाही. बरोबरच्या चिन्हानंतरचं सगळं, दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा सोडून. जुन्या सिसलॉगची कॉन्फिग वाचताना काही युनिक्सवर दोन रकान्यांमध्ये टॅबच लागायचा, स्पेस दिली की नियम लागूच व्हायचा नाही. सोलारिसवर त्यात मी स्वतः एक अख्खा दिवस घालवलाय. न दिसणाऱ्या अक्षराला अर्थ द्यायचा नाही, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “मराठीचं काय ते ठरवू.” मला वाटलं होतं बॉम ओळखून सोडून दिला की झालं. झालं नाही.

पहिली गोष्ट ओळीच्या लांबीची. मी एफगेट्सने दोनशे बाइटांत ओळ वाचत होते. इंग्रजीत दोनशे अक्षरं म्हणजे पुष्कळ. देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. काना, मात्रा, हलंत हेही प्रत्येकी तीन बाइटांचे. म्हणजे दोनशे बाइटांत सहासष्ट चिन्हं, जेमतेम दहा-बारा शब्द. ‘हा आकडा बदलण्याआधी कार्डावर किती जागा उरली आहे ते बघा’ एवढं लिहिलं तरी मर्यादा जवळ येते. आणि मर्यादा ओलांडली की एफगेट्स उरलेला तुकडा पुढच्या फेरीला नवी ओळ म्हणून देतं. कॉमेंटची शेपटी नव्या ओळीच्या सुरुवातीला, तिच्यापुढे कॉमेंटची खूण नाही. त्या शेपटीत बरोबरचं चिन्ह असतं तर ती सेटिंग म्हणून वाचली गेली असती. हे भाच्याने पकडलं. मी आठ वर्षं ज्या कोडकडे बघत होते त्यात.

दुसरी गोष्ट आकड्यांची, आणि तिच्यावर आमचं खरं भांडण झालं. मराठी कॉमेंट लिहून झाल्यावर कीबोर्ड मराठीतच राहतो आणि पुढे ‘१०’ देवनागरीत टाइप होतं. पायथॉनचं ‘इंट’ हे आकडे दहा म्हणून वाचतं, जावाचं ‘पार्सइंट’ही. सीचं एसटीआरटूएल मात्र पहिल्याच बाइटवर थांबतं आणि शून्य देतं. जास्तीत जास्त आकार शून्य म्हणजे प्रत्येक ओळीला नवी फाइल.

“मी देवनागरी आकडे वाचणार,” मी म्हटलं. “ज्याच्यासाठी हे सॉफ्टवेअर आहे तो माणूस ज्या आकड्यांत हिशेब शिकला ते आकडे माझ्या पार्सरने चूक ठरवायचे? चार ओळींचा कोड आहे.”

“मलाही बरं वाटेल,” तो म्हणाला. “पण मग एकाच किंमतीची दोन लेखनं झाली. उद्या बावीस कारखान्यांच्या फाइलींमध्ये कुणाचा आकार दहा आहे ते ग्रेपने शोधशील तेव्हा निम्म्या सापडणार नाहीत. ती फाइल दुसरं कुणी शेल स्क्रिप्टने वाचेल, तिथे ‘१०’ म्हणजे काहीच नाही. तू एकटीने उदार होऊन भागत नाही. वाचू नकोस, पण शून्यही समजू नकोस. ओळखून सांग: आकडा देवनागरीत आहे, इंग्रजी आकड्यांत लिहा.”

मी तासभर हट्ट धरला. मला आजही ते टोचतं. पण त्याचंच बरोबर होतं: जे ओळखता येतं त्याला नाव घेऊन नकार देणं हे मूकपणे काहीतरी धरून चालण्यापेक्षा त्या रात्रपाळीच्या माणसाच्या जास्त उपयोगाचं आहे. कॉमेंट मराठीत, चुकांचे संदेश मराठीत, किंमती इंग्रजी अक्षरांत. तसं ठरलं.

जिथे ठरलं नाही ते आता सांगते. फाइलमध्ये चूक असेल तर प्रोग्रॅमने काय करायचं?

“थांबायचं,” तो म्हणाला. “अनोळखी नाव दिसलं, लेव्हल चुकली, की सुरूच व्हायचं नाही. आमच्याकडे कंटेनर उठत नाही, लगेच कळतं, जुनी आवृत्ती परत लावतो. अर्धवट कॉन्फिगवर चालणं सर्वांत वाईट. तुझी जानेवारी तशीच घडली: प्रोग्रॅम चालू, लॉग बंद, कुणाला पत्ता नाही.”

“तुमच्याकडे दुसरा कंटेनर असतो. काटा एकच आहे. लॉगच्या फाइलीत एक अक्षर चुकलं म्हणून वजन थांबलं, तर मी त्या शेतकऱ्याला काय सांगू? लॉगर हा नोंद ठेवणारा कारकून आहे. कारकुनाची लेखणी मोडली म्हणून काटा बंद करायचा नसतो.”

“मग कारकून खोटी नोंद करेल.”

“खोटी नाही. ठरलेल्या सुरक्षित सेटिंगवर करेल, आणि पहिलीच ओळ ती लिहील: कॉन्फिग नाकारली, अमुक ओळ, अमुक कारण. तीच ओळ स्टँडर्ड एररवरही जाईल, आणि दर तासाला पुन्हा लिहिली जाईल. चुकीबद्दल गप्प राहणं बंद.”

यावर तो हलला नाही आणि मीही नाही. माझं मत इथे स्पष्ट आहे: लायब्ररीने ज्याचा निर्णय स्वतः घेऊ नये अशी ही गोष्ट आहे, आणि शेवटी तिची निवड मी वापरणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवली. वाचणारं फंक्शन चुकांची यादी परत देतं; थांबायचं की चालायचं ते प्रोग्रॅम ठरवतो. काटा चालणार. त्याचा सर्व्हर थांबणार.

चालू असताना फाइल बदलली तर काय, यावर मात्र एकमत चटकन झालं. नवी फाइल आधी बाजूला एका वेगळ्या स्ट्रक्चरमध्ये पूर्ण वाचायची, एकही चूक निघाली तर ती अख्खी टाकून जुनीच चालू ठेवायची, आणि सगळं बरोबर असेल तरच पॉइंटर बदलायचा. निम्मी जुनी, निम्मी नवी असं कधीच नाही. फाइलीवर आयनोटिफाय लावून बसायचं नाही, कारण बरेच एडिटर नवी फाइल लिहून तिला जुन्याचं नाव देतात, आणि आपण मेलेल्या फाइलकडे बघत राहतो. तिच्या फोल्डरवर लक्ष ठेवायचं.

आणि या दोन दिवसांतली सर्वांत मोलाची सूचना त्याची. “पार्सर लॉगरपासून तोड,” तो म्हणाला. “पायथॉनने तेच केलं. विनय साजिप यांच्या पेप ३९१ मधून डिक्टकॉन्फिग आलं, २.७ आवृत्तीत. लॉगिंगला फक्त एक डिक्शनरी द्यायची. ती आयएनआयमधून आली, जेसनमधून आली की कोडमध्येच लिहिली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुझ्या लॉगरने एक साधं स्ट्रक्चर घ्यावं. ते भरणारी फाइल वेगळी असू दे, हवी त्याने जोडावी. मग मी माझ्या प्रोग्रॅममध्ये तुझा लॉगर वापरेन आणि स्ट्रक्चर यॅमलमधून भरेन. तुझ्या डब्यात तुझं फॉरमॅट. कुणी कुणाच्या घरात शिरत नाही.”

हे मला सुचायला हवं होतं. माझा पार्सर वाचता वाचता लॉगर उभा करत होता: लेव्हलची ओळ आली की लगेच लेव्हल बदल, फाइलची ओळ आली की लगेच फाइल उघड. म्हणून तर अर्धवट कॉन्फिगची भीती होती. दोन्ही तोडल्यावर पार्सर काही करतच नाही, फक्त भरतो. आणि जो काही करत नाही त्याची तपासणी करणं किती सोपं! त्याच संध्याकाळी भाच्याने त्याला फझरपुढे बसवलं. लिबफझर वेडेवाकडे बाइट फेकत राहिलं, ॲड्रेस सॅनिटायझर चालू. चाळीस मिनिटांत दोन गोष्टी निघाल्या: शेवटच्या ओळीच्या टोकाला नव्या ओळीचं चिन्ह नसेल तर मी एक बाइट पुढे वाचत होते, आणि सेक्शनचा कंस बंदच केला नाही तर नाव भरण्याच्या जागेबाहेर लिहीत होते. दोन्ही दुरुस्त केलं. मग रात्रभर चालू ठेवलं. सकाळपर्यंत काही निघालं नाही.

नवा पार्सर तीनशे दहा ओळींचा झाला, जुन्याच्या दुप्पट. निम्म्या ओळी चुका सांगण्याच्या आहेत. फाइल ६४ केबीहून मोठी नको, ओळ १०२४ बाइटांहून लांब नको, लांब असली तर कापायची नाही, नाकारायची. एकच नाव दोनदा आलं तर दुसरं जिंकत नाही, तीही चूक, दोन्ही ओळींचे नंबर सांगून. दुसऱ्या फाइलला आत ओढता येत नाही. व्हेरिएबल नाहीत. अट नाही. ती कधी येणार नाही असं मी फाइलच्या डोक्यावर लिहून ठेवलंय, भाच्याच्या आग्रहावरून, व्याकरणाच्या बारा ओळींसकट.

भाऊबीजेच्या दुपारी काट्यावरच्या त्या तंत्रज्ञाला मी फोन लावला. त्याच्याकडे नवी आवृत्ती पोचली होती. म्हटलं, मुद्दाम चूक करा, आम्हाला सांगू नका कुठली, आणि स्क्रीनवर काय येतं ते वाचून दाखवा. भाचा स्पीकरजवळ येऊन बसला. पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या, मग थोडी शांतता.

“ओळ १४,” तो वाचायला लागला. “डीबग्ग अशी लेव्हल नाही. चालतील त्या: ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, ऑफ. जुनी सेटिंग चालू ठेवली आहे.” पुन्हा थांबला. “मॅडम, सगळं कळलं. फक्त एक. चौदावी ओळ म्हणजे वरच्या कॉमेंट धरून चौदावी, का सोडून?”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. “धरून,” मी फोनवर म्हटलं, आणि लॅपटॉप पुढे ओढला. संदेशात त्या ओळीचा मजकूरही जसाच्या तसा छापायला हवा होता.